ते ‘हो’ म्हणाले होते का?

प्रश्न : निवृत्त राजदूतांची आत्मचरित्रं मी आवडीने वाचतो. त्यांत तीस-तीस वर्षांपूर्वीचे संवाद शब्दशः दिलेले असतात. इतकं कुणाला आठवतं? तुम्ही स्वतः लिहिता, म्हणून विचारतो.

उत्तर : नाही आठवत. त्याच रात्री लिहून ठेवलं असेल, तरच ते शब्द मी खरे धरते.

आमच्या राजनैतिक नोकरीतला बराच वेळ भेटीनंतरची नोंद लिहिण्यात जातो. कोण काय म्हणालं, कुठे अडखळलं, कोणता विषय टाळला. तृतीय सचिव, म्हणजे दूतावासातली कनिष्ठ अधिकारी, असताना मी वही घेऊन टेबलाच्या टोकाला बसायचे. एकदा समोरचे अधिकारी म्हणाले, “याचा विचार करता येईल.” मी नोंदीत लिहिलं, ‘प्रस्तावाला अनुकूल’. आमच्या राजदूतांनी त्या दोन शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली. “ते ‘हो’ म्हणाले, की तुम्हाला तसं वाटलं?” मी वही उघडली. वहीत ‘हो’ कुठेच नव्हतं. दीड महिन्याने तिकडून नकार आला. ती रेघ अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

इटली आणि इथिओपिया यांच्यातला १८८९चा वुचालेचा करार बघा. इथिओपियाच्या अम्हारिक भाषेतल्या प्रतीनुसार तिथला सम्राट मेनेलिक दुसरा परदेशांशी व्यवहार करताना इटलीची मदत ‘घेऊ शकत’ होता. इटालियन प्रतीवरून मात्र ती घेणं बंधनकारक ठरत होतं, आणि तेवढ्या आधारावर इटलीने तो देश आपल्या संरक्षणाखाली, म्हणजे आपल्या ताब्यात असल्याचा दावा केला. मेनेलिकने १८९३ मध्ये करार झुगारला, १८९६ मध्ये दोन्ही देशांत अडवाची लढाई झाली. युद्धाला इतर कारणंही होती, पण हजारो माणसं मेली त्या वादात हे एक क्रियापद होतं.

म्हणून पुस्तक लिहिताना मी एक पथ्य पाळलं. सरकारी नोंदी सरकारच्याच, त्या घरी आणायच्या नसतात. माझ्याकडे होती फक्त खासगी डायरी : तारीख, कोण कुठे बसलं होतं, एखादं वाक्य. त्यातली वाक्यं तेवढी अवतरणात घातली. बाकी ठिकाणी ‘बोलण्याचा रोख असा होता’ एवढंच लिहिलं. प्रकरणं त्यामुळे थोडी रुक्ष झाली, ते मी चालवून घेतलं.

आणखी एक. लेखकाचा अंदाज पुस्तकभर एकदाही चुकत नसेल, तर मला त्यातल्या संवादांचीही शंका येते. एक सरकार वर्षभर टिकेल असं मी डायरीत ठामपणे लिहिलं होतं. ते पंधरा दिवसांत पडलं. ती नोंद पुस्तकात जशीच्या तशी छापली आहे, तारखेसकट.