झोडियाक हवेत का तुटलं : ‘पंख कमजोर’ आणि ‘पायलटची चूक’, दोन्ही अर्धवट

भाऊ, तुमचा भाचा अमेरिकेत झोडियाक सीएच ६०१ एक्सएल हे जुनं, दोन आसनी विमान घेतोय. या विमानाचे हवेतच तुकडे होऊन माणसं गेल्याचं तुम्ही वाचलं, तर तो म्हणतो त्या पायलट लोकांच्या चुका होत्या. इथे दोघातिघांनी ‘पंखच कमजोर’ असं ठोकून दिलंय. मी हवाई दलात एअरफ्रेमवर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याच्या कामावर होतो, निवृत्तीनंतर नागपुरातच राहिलो. झोडियाकला कधी हात लावलेला नाही. पण कंट्रोल केबल (पायलटच्या काठीपासून पंखावरच्या हलत्या पट्ट्यांपर्यंत जाणारी तार) ताणण्यात अर्धं आयुष्य गेलंय, म्हणून लिहितो.

आधी घडलं काय ते. २००६ पासून तीन वर्षांत सहा झोडियाक हवेत तुटली, चार अमेरिकेत आणि दोन युरोपात. दहा माणसं गेली. १४ एप्रिल २००९ ला तिथल्या एनटीएसबीने, म्हणजे अपघातांचा तपास करणाऱ्या मंडळाने, ही सगळी विमानं जमिनीवरच ठेवा अशी तातडीची शिफारस एफएएला, म्हणजे विमानांचे नियम ठरवणाऱ्या तिथल्या सरकारी खात्याला, केली. त्यांचा रोख एलेरॉनच्या फ्लटरवर, म्हणजे आपोआप वाढत जाणाऱ्या फडफडण्यावर होता.

एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणारी पट्टी. तिचं बहुतेक वजन बिजागरीच्या मागे असतं. झोतामुळे पंख किंचित वर उचलला गेला की ही जड पट्टी जडत्वामुळे मागे राहते, म्हणजे पंखाच्या मानाने खाली झुकते. एलेरॉन खाली गेला की त्या पंखाची उचल वाढते, पंख आणखी वर जातो. मग पंखाचा पत्रा स्प्रिंगसारखा परत खाली येतो, तेव्हा एलेरॉन वर राहतो आणि पंखाला आणखी खाली ढकलतो. पुन्हा वर, पुन्हा खाली. प्रत्येक फेरीत हवा त्यात आपली शक्ती ओतते. ठरावीक वेगाच्या वर हे सुरू झालं की पायलटने काय झालं हे समजून घेईपर्यंत पंख गेलेला असतो.

यावरचा उपाय जुना आणि सगळ्यांना ठाऊक असलेला आहे. बिजागरीच्या पुढे वजन लावायचं, म्हणजे पट्टीचा तोल बिजागरीवरच येतो. वर्धा रोडवर ऐंशीच्या पुढे गाडीचं स्टिअरिंग थरथरायला लागलं की टायरवाला रिमला शिशाचा तुकडा ठोकतो ना, त्याच जातीचं काम. फरक एवढाच, की गाडी थरथरते आणि फ्लटर वाढतच जातं. झोडियाकच्या एलेरॉनला हे वजनच नव्हतं. केबलचा ताण बरोबर ठेवला तर त्याची गरज नाही, असं बनवणाऱ्यांचं म्हणणं होतं. आराखडा कुण्या हौशाचा नव्हता बरं. ख्रिस हाइन्ट्झ हे काँकॉर्डवर काम केलेले इंजिनिअर.

माझं डोकं फिरतं ते या केबलच्या भरवशावर. विमानाचा सांगाडा ॲल्युमिनियमचा, केबल पोलादाची. उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. म्हणून आपल्याकडच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, केबल तंबोऱ्याच्या तारेसारखी कडक लागते, आणि डिसेंबरच्या पहाटे तीच केबल सैल. म्हणूनच ताण मोजताना आम्ही तापमानाचा तक्ता शेजारी ठेवायचो. वर गेल्यावर गारठा असतोच. शिवाय केबल कालांतराने ताणते, पुल्या झिजतात. जीव वाचवायचं काम ज्या वस्तूवर टाकलं, ती दर ऋतूला बदलणारी!

आता ‘पंख कमजोर’वाल्यांबद्दल. त्यांचंही अगदीच खोटं नाही. एफएएने स्वतः तपासलं तेव्हा एकच एक मूळ कारण दाखवता येत नाही असं म्हटलं. पंखाची ताकद, फ्लटर, विमान चालवायच्या काठीवर लागणारा फारच हलका जोर आणि वेगमापकाची चूक, असं सगळं एकात एक होतं. काठी हलकी म्हणजे नकळत जास्त ओढली जाते. वेगमापक चुकीचा, तर आपण नेमक्या किती वेगात आहोत हेच कळत नाही. या अवस्थेत पायलटला दोष देणं मला तरी पटत नाही.

आणि हे सगळं विक्रीआधी पकडणार कोण? २००४ च्या नियमात हलक्या क्रीडा विमानाला (साधारण ६०० किलोपर्यंत, दोन आसनं) सरकारी टाइप सर्टिफिकेट, म्हणजे आराखडा तपासून दिलेली मंजुरी, लागतच नव्हतं. उद्योगाने मिळून ठरवलेल्या मानकात आम्ही बसतो, असं कंपनीनेच जाहीर करायचं.

नोव्हेंबर २००९ मध्ये दुरुस्ती सक्तीची झाली: पंख आणि मधला भाग मजबूत करायचा, एलेरॉनला वजन लावायचं. हौशी लोकांनी स्वतः हाती बांधलेल्या विमानांना मात्र ती सक्ती नव्हती, आणि भाच्याचं विमान त्यातलं असेल तर तिथेच खरी गोम आहे.

त्याला म्हणा, सौद्याआधी तीन गोष्टी मागून घे. एलेरॉनच्या बिजागरीपुढे आलेल्या वजनाचा फोटो. लॉगबुकातली मजबुतीकरणाची नोंद, कारण नुसतं वजन लावून पंख तसाच ठेवणारेही असतात. आणि केबलचा ताण कधी, किती तापमानाला मोजला ते. विकणारा ‘नुकताच रंग दिलाय’ म्हणून मिरवत असेल, तर रंगानंतर एलेरॉनचा तोल पुन्हा तपासला का तेही विचारायचं. बिजागरीच्या मागे चढलेल्या रंगालाही वजन असतं. लॉगबुकाची पानं पाठवलीत तर मी बघून सांगीन.