थंडीत खोबरेल गोठतं, कोकमाच्या बियांचं मुठेल तर उन्हाळ्यातही घट्ट, मग तारली माशाचं तेल पातळ कसं राहतं?

तिन्ही मुख्यतः ट्रायग्लिसराइडच, म्हणजे ग्लिसरॉल नावाच्या छोट्या रेणूला जोडलेली तीन मेदाम्लं, कार्बनच्या लांब साखळ्या. फरक पडतो तो मेदाम्लांच्या साखळ्यांमुळे.

खोबरेलातली जवळपास ९० टक्के मेदाम्लं संपृक्त, म्हणजे कार्बनमध्ये दुहेरी बंध नसलेली. साखळ्या सरळ, एकमेकींना चिकटून बसणाऱ्या. पण त्यात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल, फक्त १२ कार्बनचं. साखळी आखूड, म्हणून खोबरेल साधारण २४ अंशांनाच वितळतं. रत्नागिरीकडे थंडीच्या पहाटे बाटलीत गोठतं, ऊन वर आलं की सुटतं.

भेगांना लावतो ते मुठेल मला सर्वांत सुंदर उदाहरण वाटतं. त्यात असंपृक्त (दुहेरी बंध असलेलं) ओलेइक आम्ल भरपूर, तरी ते ४० अंशांच्या जवळपास जाईपर्यंत घट्ट. कारण बहुतेक रेणूंत दोन टोकांना १८ कार्बनचं संपृक्त स्टिअरिक आणि मधे ओलेइक, अशी मांडणी असते. असे रेणू स्फटिकात नीट रचले जातात. तेव्हा नुसतं संपृक्त की असंपृक्त एवढं पाहून भागत नाही.

तारली-बांगड्यात ईपीए (२० कार्बन, ५ दुहेरी बंध) आणि डीएचए (२२ कार्बन, ६ बंध) ही असंपृक्त मेदाम्लं असतात. प्रत्येक दुहेरी बंधापाशी साखळी वाकते, मग रचना जमत नाही आणि तेल पातळ राहतं. माशाच्या पेशीपटलातल्या (पेशीभोवतीच्या पातळ आवरणातल्या) फॉस्फोलिपिड नावाच्या मेदांमध्येही हीच आम्लं, त्यामुळे गार पाण्यातही पटल लवचीक राहतं. आपल्या मेंदूत आणि डोळ्यांच्या दृष्टिपटलातही डीएचए भरपूर आहे, पण शरीर ते स्वतः फार थोडं बनवतं. घरात मासे चालत असतील तर तारली स्वस्त म्हणून टाळू नका.