हेडलुंड यांची तेरा मिनिटे

प्रश्न : क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या लांब शर्यतीतही आज पहिल्या दोघांत बरेचदा काही सेकंदांचाच फरक असतो. मग स्वीडनच्या पेर-एरिक हेडलुंड यांनी 1928च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये 50 किलोमीटरची शर्यत तेरा मिनिटांहून अधिक फरकाने कशी जिंकली? बाकीचे स्पर्धक कच्चे होते का?

उत्तर : कच्चे मुळीच नव्हते. त्याच्या चार वर्षे आधी फ्रान्समधील शामोनीच्या ऑलिंपिकमध्ये या शर्यतीचे पहिले चारही क्रमांक नॉर्वेने पटकावले होते. 1928 मध्ये स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरित्झला मात्र हवेने घात केला. सुरुवातीला शून्याच्या आसपास असलेले तापमान शर्यत संपेपर्यंत 25 अंशांच्या घरात गेले. स्कीच्या तळाचे मेण बर्फाला क्षणभर धरून ठेवते, म्हणून पाय मागे रेटता येतो. थंड बर्फासाठी लावलेले मेण ओल्या बर्फावर ही पकड गमावते आणि चढावर स्की मागे घसरू लागते, नाहीतर तळाला बर्फाचे गोळे चिकटून एकेक पाऊल जड होते. अनेकांनी शर्यत अर्ध्यावरच सोडली.

तरीही तेरा मिनिटांचे सारे श्रेय हवेला देणे मला पटत नाही, कारण दुसरे आलेले गुस्ताफ यॉनसन आणि तिसरे वोल्गर अँडरसन हेही स्वीडनचेच होते; म्हणजे त्याच हवेत इतरांपेक्षा सरस ठरलेल्या देशबांधवांनाही हेडलुंड यांनी इतके मागे टाकले. हेडलुंड 4 तास 52 मिनिटांत पोहोचले, तर यॉनसन यांना 5 तास 5 मिनिटे लागली. त्या काळी स्पर्धकांना ठरावीक अंतराने एकेकटे सोडत, त्यामुळे आजच्यासारखे घोळक्यात राहून दम राखण्याची सोय नव्हती. एकट्याने तासन्‌तास एकच लय टिकवणे, हेच हेडलुंड यांचे खरे बळ होते. स्वीडनमधील सालेन ते मोरा ही 90 किलोमीटरची वासालोपेट शर्यत त्यांनी 1926 मध्येच जिंकली होती.

ऑलिंपिकनंतर काही आठवड्यांतच ते पुन्हा वासालोपेटमध्ये उतरले. तेथे ते आणि स्वेन उटरस्ट्रोम यांनी शेवटची रेषा हातात हात घालून ओलांडली. विजय वाटून घ्यावा, अशी दोघांचीही इच्छा होती, परंतु पंचांनी हेडलुंड यांनाच विजयी ठरवले. पुढे 1933 मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, इन्सब्रुकच्या जागतिक स्पर्धेत रिले शर्यतीचे सुवर्ण जिंकणाऱ्या स्वीडिश चमूत हे दोघेही होते.