तीन मशीन, तिन्ही ग्रीन, तरी क्लस्टर एक होत नाहीये, कुठली सेटिंग चुकतेय?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, तुमच्यावर नाही हो, मी स्वतः याच ठिकाणी दोन रात्री घालवल्यात म्हणून. इलॅस्टिकसर्च ८ (डेटा साठवून त्यात शोधायचं सॉफ्टवेअर) तीन मशीनवर टाकलं, तिन्हीकडे क्लस्टरचं (एकत्र काम करणाऱ्या मशीनच्या गटाचं) नाव सेम, हेल्थ ग्रीन, पण नंबर ऑफ नोड्स, म्हणजे गटातल्या मशीन, प्रत्येकीकडे १. वर ६४ जीबी रॅमपैकी ४८ हीपला (प्रोग्रॅमच्या जावासाठी राखलेली मेमरी) देऊनही सर्च स्लो. म्हणजे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत, एकेक बघू. (सेटिंगची नावं मी देवनागरीत लिहितेय, फाईलमध्ये अर्थात इंग्रजीतच टाका.)

आधी एक चेक करा. तिन्ही मशीनवर ९२०० पोर्टला एचटीटीपीएसने, इलॅस्टिक यूजरचा पासवर्ड देऊन कर्ल मारा (कमांड लाइनवरून रिक्वेस्ट), जे उत्तर येतं त्यात क्लस्टर यूयूआयडी, म्हणजे क्लस्टरचा स्वतःचा ओळख क्रमांक, असतो. माझी खात्री आहे की तुमच्याकडे तीन वेगळे यूयूआयडी दिसतील. म्हणजे तुमचं एक क्लस्टर नाहीचे, एकाच नावाची तीन क्लस्टर आहेत, आणि नाव सारखं असून काही उपयोग नाही, ओळख यूयूआयडीवरून ठरते.

हे होतं कसं तर ८ मध्ये पॅकेज टाकलं की सिक्युरिटी आपोआप सेट होते, आणि त्याच वेळी यॅमल फाईलच्या (सेटिंगची फाईल) तळाशी क्लस्टर डॉट इनिशियल मास्टर नोड्स अशी ओळ लिहिली जाते, त्यात फक्त त्याच मशीनचं नाव. तुम्ही सर्व्हिस स्टार्ट केली, मशीनने बघितलं की पहिल्या मतदानाला मी एकटीच, झाली स्वतःच मास्टर, म्हणजे क्लस्टरचे निर्णय घेणारी. तिन्हीकडे हेच. आणि एकदा डेटा फोल्डरमध्ये यूयूआयडी लिहिला गेला की मग सेटिंग कितीही बदला, ती मशीन दुसऱ्या क्लस्टरमध्ये जात नाही, लॉगमध्ये डिफरंट क्लस्टर यूयूआयडी म्हणून तक्रार करत राहते. दोन क्लस्टर मर्ज करायची सोय नाहीये.

तर एक मशीन ठेवा, तिला अ म्हणू. ब आणि क वर काही कामाचा डेटा असेल तर आधी स्नॅपशॉट (बॅकअप) घ्या, मग पॅकेज पूर्ण काढा, डेटा आणि कॉन्फिगचे फोल्डर उडवा, परत इन्स्टॉल करा आणि स्टार्ट करू नका. सगळे इथेच घाई करतात. अ च्या यॅमलमध्ये ट्रान्सपोर्ट डॉट होस्ट ही ओळ कमेंट केलेली असते, ती उघडा, नाहीतर नोड्सचं आपसातलं बोलणं फक्त लोकलहोस्टवर चालतं आणि बाहेरच्या कोणाला ऐकूच जात नाही. अ रिस्टार्ट करा, फायरवॉलमध्ये तिन्ही मशीनमध्ये आपसात ९३०० उघडा (९२०० वेगळं, ते क्लायंटसाठी), मग अ वर एनरोलमेंट टोकन (नवीन नोडला क्लस्टरमध्ये घ्यायचा तात्पुरता कोड) बनवायची कमांड नोड स्कोप देऊन चालवा. टोकन ३० मिनिटंच चालतं, त्यामुळे ते बनवून चहाला जाऊ नका. ते टोकन घेऊन ब वर रीकॉन्फिगर नोडची कमांड, सर्टिफिकेट वगैरे तीच आणते, मग स्टार्ट. क वर तेच. ट्रान्सपोर्ट होस्टची ओळ ब आणि क वर पण उघडी आहे ना ते बघून घ्या. शेवटी डिस्कव्हरी डॉट सीड होस्ट्स (बाकीचे नोड कुठे शोधायचे ती यादी) मध्ये तिन्ही पत्ते तिन्ही मशीनवर लिहून टाका.

आणि क्लस्टर एक झालं की ती इनिशियल मास्टर नोड्सची ओळ काढून टाका, प्लीज. ती फक्त पहिल्या जन्मासाठी असते. मी ठेवली होती, तेव्हा काही बिघडलं नाही, पण काही महिन्यांनी त्या मशीनची डिस्क बदलली, डेटा फोल्डर रिकामं, त्यात कोणीतरी फायरवॉलचे नियम हलवून ९३०० बंद केलेलं, झालं, नोडला बाकीचे दिसले नाहीत आणि तिने मजेत एकटीचं नवीन क्लस्टर उभं केलं. मॉनिटरिंगमध्ये ग्रीन! लोड बॅलन्सर तिकडेही रिक्वेस्ट पाठवत होता, त्यामुळे काही लोकांना रिझल्ट यायचे, काहींना रिकामं पान. ओळ नसती तर नोड मास्टर सापडत नाही म्हणून ओरडत बसली असती आणि आम्हाला पाच मिनिटांत कळलं असतं.

काहींनी तुम्हाला 'तिसरी मशीन सोडा, दोन मास्टर पुरे' असं सांगितलंय ते ऐकू नका. दोनमध्ये बहुमत दोनचंच, एक पडली की दुसरी काही ठरवू शकत नाही. तिसरी कमजोर असेल तर तिला मास्टर आणि व्होटिंग ओन्ली असे दोन रोल द्या, डेटा ठेवू नका तिच्यावर.

आता हीप. ४८ कमी करा. साधारण ३२ जीबीच्या वर गेलं की जावाचे छोटे ४ बाइटचे पॉइंटर बंद होऊन ८ बाइटचे सुरू होतात, म्हणजे हीप वाढवली पण त्यातली बरीच पॉइंटरमध्येच गेली. शिवाय इंडेक्सच्या फाईली ऑपरेटिंग सिस्टीमच्या कॅशमधून वाचल्या जातात, त्याला तुम्ही उरलेले १६ च ठेवलेत, सर्च स्लो होणारच. निम्म्या रॅमपेक्षा जास्त कधीच नाही आणि २६ ते ३० च्या पुढे नाही. स्टार्ट होताना लॉगमध्ये कंप्रेस्ड पॉइंटर ट्रू येतंय का ते बघा. खरं तर ७.११ पासून ते रोल आणि मेमरी बघून स्वतःच हीप ठरवतं, मी हल्ली हातच लावत नाही. लावायचाच असेल तर किमान आणि कमाल सारखीच ठेवा, आणि जेव्हीएम ऑप्शन्स डी फोल्डरमध्ये वेगळी फाईल करा, शेवटी डॉट ऑप्शन्स पाहिजे, नाहीतर ती फाईल गुपचूप दुर्लक्षित होते, एरर पण येत नाही.

स्वॅप (मेमरी कमी पडली की तिच्याऐवजी डिस्क वापरणं) बंद करा. मेमरी लॉक (हीप रॅममध्येच ठेवायची सेटिंग) ट्रू करणार असाल तर सिस्टीमडीमध्ये मेमलॉकची लिमिट इन्फिनिटी करा, नाहीतर नोड उठणारच नाही. बाकी थ्रेड पूल, क्यू साईज वगैरे जे तुम्ही कुठूनतरी कॉपी केलंय ते सगळं काढा, डिफॉल्ट बरे आहेत.

डिस्कवर एक नजर ठेवा. ८५ टक्के भरली की त्या नोडवर नवीन शार्ड (इंडेक्सचे तुकडे) जात नाहीत, ९० ला असलेले दुसरीकडे हलायला लागतात, ९५ ला त्या नोडवर ज्यांचे शार्ड आहेत ते इंडेक्स लिहिण्यासाठी बंद.

रिस्टार्ट एकेक करूनच करा, ग्रीन झाल्याशिवाय पुढच्या मशीनला हात नको. मग कॅट नोड्सचं (नोड्सची यादी देणारी कमांड) आउटपुट इथे टाका, तीन ओळी यायला हव्यात आणि चांदणी (*, म्हणजे मास्टर) त्यातल्या एकाच ओळीत.