अमेरिकेत फ्रॅटर्निटीच्या रशला जायचंय, पण मी सिगरेट ओढत नाही. एकटा पडेन का?

तू लिहिलंयस की ऑगस्टात पदवीसाठी ओहायोला चाललायस, तिथे रशला, म्हणजे फ्रॅटर्निटी या कॉलेजातल्या मुलांच्या संघटना नवे सदस्य निवडतात त्या भेटीगाठींना, जायचंय, आणि तिथल्या एका ओळखीच्याने सांगितलंय, "ओढू नकोस, नुसती हातात धर, म्हणजे मिसळून जाशील." ते वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. २०११ साली माझ्या चुलतभावाने मला अगदी हेच सांगितलं होतं. तुला 'तू'च म्हणतो, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा आहेस.

हातात अजिबात धरू नकोस.

मी साताऱ्याचा. लहानपणी बाबांसाठी टपरीवरून दोन सुट्ट्या आणायचं काम माझ्याकडे असायचं, आणि रात्री शेजारच्या खोलीतून त्यांचा खोकला ऐकू यायचा. आपण ओढायची नाही हे दहावीच्या आधीच ठरलं होतं. हा चुलतभाऊ, आमचा दादा, तेव्हा न्यू जर्सीत एमएस करून नोकरीला लागला होता. तो म्हणायचा की त्याच्या सगळ्या ओळखी बिल्डिंगखालच्या सुट्टा ब्रेकमध्ये झाल्या. खरंही असेल. पण रश म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांचा कारभार, एमएसवाले त्यात नसतातच. दादाने आयुष्यात एकही रश पाहिला नव्हता आणि मला सल्ला देत होता. मीही मुकाट्याने मानला.

रशच्या पहिल्याच आठवड्यात एका फ्रॅट हाऊसची, म्हणजे फ्रॅटर्निटीच्या घराची, सिगार नाइट होती. मागच्या अंगणात खुर्च्या, बल्बांच्या माळा, टेबलावर सिगारचं लाकडी खोकं. मी एक उचलली. अंगठ्याएवढी जाड, कमरेला लाल-सोनेरी कागदी पट्टी. न पेटवता धरून उभा राहिलो. दोन मिनिटांत एक सीनियर लायटर घेऊन आला. म्हटलं, थोड्या वेळाने. मग दुसरा आला, त्याने विचारलं की कापून देऊ का. त्यालाही तेच उत्तर दिलं. तिसऱ्याने कोणती आवडते विचारलं तर मी काहीतरी थाप मारली आणि त्याला ती कळली. तासाभरात जेवढ्यांशी बोललो त्या सगळ्यांशी विषय एकच, हातातली सिगार. कुठला, काय शिकतोस, इथवर गाडी आलीच नाही. हात घामेजला होता, ती कागदी पट्टी सुटून तळव्याला चिकटली होती.

माझा रूममेट तिथलाच, ओहायोचा, तोही न ओढणारा. खोकं पुढे आलं तेव्हा "नो थँक्स, मी ओढत नाही" एवढं म्हणाला आणि थेट कॉर्नहोल खेळायला गेला. तिरक्या फळीच्या भोकात लहान पिशव्या टाकायचा खेळ आहे तो, तिकडे प्रत्येक अंगणात दिसतो. दीड तास चार ब्रदर्सबरोबर, म्हणजे त्या घराच्या सदस्यांबरोबर, ओरडत खेळला. आठवड्याच्या शेवटी त्याला बिड, म्हणजे सदस्य होण्याचं आमंत्रण, आली, मला आली नाही.

दादा आजही म्हणतो, "तू सिगार ओढली नाहीस म्हणून गेली." गेल्या दिवाळीतही सगळ्यांसमोर म्हणाला. अरे, मग रूममेटला कशी मिळाली? रात्री ब्रदर्स बसून एकेक नाव घेतात आणि विचारतात, याच्याशी कोण बोललं, कसा वाटला? माझ्याबद्दल सांगण्यासारखं मी कुणाला काही दिलंच नव्हतं. मला नडलं ते खोटं खोटं धरणं.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या घरी गेलो. दारातच कुणीतरी सिगरेटचं पाकीट पुढे केलं. "मी ओढत नाही, काही मदत करू का?" म्हटलं. त्याने हातात चिमटा दिला आणि ग्रिलवर उभं केलं. बर्गर उलटता उलटता पंधरा-वीस जणांशी बोलणं झालं. साताऱ्यात थंडी पडते का, इथपर्यंत. त्या घराची बिड आली, पुढची चार वर्षं तिथेच काढली. आमच्यात ओढणारे होते. तेही बहुतेक मागच्या पोर्चवर जायचे. मी त्यांच्याबरोबर पोर्चवर जायचो, वाऱ्याच्या बाजूला बसायचो. कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

आता थोडं तुझ्या काळाचं. डिसेंबर २०१९ पासून तिकडे तंबाखू विक्रीचं वय सगळीकडे २१ झालंय, वेपही त्यातच आलं. त्यामुळे सिगरेटपेक्षा वेप किंवा निकोटिनच्या पांढऱ्या पुड्या पुढे येण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे तंबाखूचा बार भरतात तशा त्या ओठाखाली ठेवतात. धूर नाही म्हणून घेऊ नकोस, निकोटिन तेच. रशमध्ये दारू चालत नाही असाही अनेक ठिकाणी नियम असतो. कुठे पाळतात आणि कुठे नाही, ते पहिल्याच भेटीत दिसतं. नकार दिल्यावर जे घर चेष्टा करतं तिथे परत जाऊ नकोस. रशमध्ये ते सगळ्यात गोड वागतात, प्लेजिंगमध्ये, म्हणजे बिड आल्यानंतरच्या उमेदवारीच्या काळात, याहून वाईट असतं.

आणि हे आधीच लिहायला हवं होतं: गांजा. ओहायोत २०२३ च्या अखेरीपासून २१ वर्षांवरच्यांना कायदेशीर आहे, पण केंद्राच्या कायद्यात अजून गुन्हाच. तू एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असणार. तुझ्या मित्राला जे पचेल ते तुझा व्हिसा घालवू शकतं. तिथे हातात धरण्याचा प्रश्नच येत नाही, खोलीतून बाहेर पड.

दम्याचं विचारलंयस. इनहेलर खिशात ठेव, आणि आतच धूर करणारं घर असेल तर पाच मिनिटांत निघ, कितीही चांगले लोक असोत. हुक्का नाइट असेल तर जाऊच नकोस. पाण्यातून येतो म्हणून तो धूर काही धुऊन निघत नाही, आणि बंद खोलीत तासभर बसावं लागतं.