हरल्यावर मिठ्या कशाला?

प्रश्न : माझा मुलगा इंग्लंडला शिकायला गेलाय, तिथल्या गावच्या क्लबकडून रग्बी खेळतो, सहाव्या लेव्हलची लीग आहे म्हणतो. परवा त्याच्या मित्राने व्हिडिओ कॉलवर मॅच दाखवली. हे 19-10 ने मागे, अगदी शेवटचं मिनिट, पेनल्टी मिळाली तर ह्यांनी सरळ खांबांमधून किक मारून 3 पॉइंट घेतले. 19-13, शिट्टी वाजली, हरले, आणि तरी एकमेकांना मिठ्या मारतायत! जिंकायचा प्रयत्न तरी का नाही केला? आणि लीगमधून खाली गेले तर पुढे काय?
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, तुमचा लेक आणि त्याची टीम एकदम बरोबर खेळली. हिशोब बघा ना, समोरच्यांच्या रेषेपलीकडे बॉल टेकवला की ट्राय, त्याचे 5, मागाहून किक बसली तर आणखी 2, म्हणजे एका हल्ल्यात फार तर 7 आणि हे होते 9 ने मागे. एका मिनिटात जिंकणं हातात नव्हतंच. पण पेनल्टीच्या 3 ने फरक 6 वर आला, आणि तिथेच सगळी गंमत आहे, कारण लीगच्या टेबलात जिंकलं की 4 पॉइंट, बरोबरी झाली तर 2, मॅचमध्ये चार ट्राय केले की वर 1 बोनस, आणि 7 किंवा त्याहून कमी फरकाने हरलात तरी 1 बोनस. तो 1 त्यांनी हरता हरता खेचून आणला. मिठ्या त्याच्यासाठी.

एवढ्याशा पॉइंटचं एवढं काय असं वाटेल. सीझन सप्टेंबरला सुरू होतो तो एप्रिलपर्यंत, एका लीगमध्ये साधारण 12 टीम, प्रत्येकीशी एकदा घरी एकदा बाहेर अशा 22 मॅच. तळाच्या टीम खाली उतरतात आणि एप्रिलमध्ये बघाल तर राहणारी आणि उतरणारी टीम ह्यांच्यात कधीकधी एकदोनच पॉइंट असतात. मी तिकडे असताना अशा मॅचना दोरीला टेकून उभा राहायचो. जानेवारीत सकाळी रेफरी येतो, बुटाची टाच मैदानात रुतवून बघतो, माती दगडासारखी गोठलेली असली की मॅच पुढे ढकलली. ऑफिस, गॅरेज, शेत सांभाळून खेळणारी पोरं असतात ती, एखाद्या शनिवारी स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही टीमची पोरं वाकून खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना रेटतात त्यात, पुढच्या फळीत उभं राहायला शिकलेला भिडूच मिळत नाही, मग स्क्रम न ढकलता खेळावी लागते, नाहीतर मान मोडायची भीती. आणि मॅच संपली की दोन्ही टीम समोरासमोर रांगा करून टाळ्या वाजवत एकमेकांना बाहेर सोडतात आणि घरचा क्लब पाहुण्यांना जेवू घालतो. मला तर वरच्या झगमगाटापेक्षा हेच रग्बी जास्त खरं वाटतं.

आता खाली गेले तर काय. सगळ्यात वर प्रीमियरशिप, तिथून पाच पायऱ्या उतरलात की तुमच्या लेकाची लीग, आणि त्याच्याखालीही लीग आहेतच, सगळ्या एकमेकींना जोडलेल्या, 1987 पासून. लंडन वेल्श ह्या क्लबचं बघा, 2014-15 ला प्रीमियरशिपमध्ये 22 च्या 22 मॅच हरले, अख्ख्या सीझनमध्ये बोनसचा फक्त 1 पॉइंट. दोन वर्षांत पैसेच संपले, कंपनी बुडाली. पण क्लब मेला नाही, 2017 च्या सीझनला थेट नवव्या लेव्हलला जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि तिथून परत वर चढायला लागले.

तर पुढच्या शनिवारी फोन केलात की ‘जिंकलास का रे’ एवढंच विचारू नका, ट्राय किती झाले, तीन की चार, ते विचारा, बघा कसा भरभरून बोलेल.