जुन्या मॅसीला 241 चे पार्ट: कशावर खर्च करावा आणि कशावर करू नये

कागल तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलंय. वडिलांनी 1986 साली घेतलेला मॅसी फर्ग्युसन 1035 ट्रॅक्टर घरी आहे, इंजिन ठीक चालतं. पण स्टिअरिंग इतकं जड झालंय की आई-वडील सोडा, मुलगाही चालवायला तयार नाही, आणि ड्रमचे ब्रेक एका बाजूलाच धरतात. त्यामुळे पाच एकरांची नांगरट, सऱ्या आणि रोटर बाहेरच्या ट्रॅक्टरने होतात, वर्षाला 38,000 रुपये जातात. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी मॅसी 241 या जास्त ताकदीच्या मॉडेलचे पार्ट घालून "नवा करून देतो" म्हणून 3,70,000 रुपयांचं कोटेशन दिलंय: 241 चं जुनं पण ओव्हरहॉल केलेलं इंजिन 1,35,000, मागचे 13.6-28 टायर रिमसह 70,000, ऑइल ब्रेकसह मागचे ट्रम्पेट (मागच्या ॲक्सलची हाउसिंग) 62,000, पुढच्या ॲक्सलसह पॉवर स्टिअरिंग 48,000, ड्युअल क्लच (चाकांना आणि अवजाराला वेगवेगळा) 22,000, अल्टरनेटर-वायरिंग-सेल्फ 15,000, पत्रा आणि रंग 18,000. पैसे उभे करायचे ते मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी ठेवलेली अडीच लाखांची ठेव मोडून आणि 1,20,000 चं सोनेतारण काढून. गळीत हंगामात कारखान्याची ऊस वाहतूक धरली तर वर्षाला 1,10,000 सुटतील, म्हणजे अडीच वर्षांत खर्च वसूल, असा त्यांचा हिशोब आहे.

माझं उत्तर आधीच सांगतो: ट्रॅक्टर दुरुस्त करा, पण 85,000 मध्ये. इंजिन, टायर, ड्युअल क्लच, ट्रम्पेट आणि रंग यातलं काहीही आत्ता नको. ठेवीला तर हातच लावू नका.

तुमच्या हिशोबात 38,000 अधिक 1,10,000 असे वर्षाला 1,48,000 येतात आणि त्यावर अडीच वर्षं बरोबर बसतात. पण बाहेरच्या ट्रॅक्टरचे 38,000 वाचले तरी घरच्या ट्रॅक्टरला डिझेल, ऑइल, फिल्टर, ग्रीस लागणारच. पाच एकराला ते 14,000 धरा. म्हणजे खरी बचत 24,000. वाहतूक बाजूला ठेवली तर 3,70,000 वसूल व्हायला पंधरा वर्षांहून जास्त लागतील. थोडक्यात, हा सगळा खर्च ऊस वाहतुकीच्या आशेवर उभा आहे, आणि तीच यातली सगळ्यात कच्ची बाजू आहे.

ऊस वाहतुकीच्या करारात ट्रॅक्टरवाल्याची खरी जोखीम डिझेलची नसते, ती उचलीची असते. कारखान्याकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घ्यायचे, ते मुकादमाला द्यायचे आणि ऊसतोडीची टोळी आली नाही तर परतफेड तुमच्या नावावर. हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगायला नको. त्यात तुमचा ट्रॅक्टर शेतीकामासाठी नोंदलेला आणि शेतीकामासाठी विमा उतरवलेला. भाड्याची वाहतूक करताना अपघात झाला तर विमा कंपनी दाव्यावर वाद घालू शकते. ट्रेलरची नोंदणी आणि विमा वेगळा. शिवाय भाड्याने मिळालेला पैसा शेती उत्पन्नात मोडत नाही, तो व्यवसायाचं उत्पन्न म्हणून दाखवावा लागतो. 1,10,000 मधून हे सगळं वजा केलेलं दिसत नाही.

आता इंजिन. 1035 आणि 241 दोन्हींत सिम्पसनचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे, म्हणून "आरामात बसतं" असं मिस्त्री म्हणतात ते खोटं नाही. अडचण बसवण्यात नाही, पुढे आहे. 36 हॉर्सपॉवरच्या जागी 42 ची ताकद आली की ती क्लच, गिअरबॉक्स, क्राऊन-पिनियन आणि हाफ ॲक्सल (मागच्या चाकांना ताकद पोचवणारे गिअर आणि दांडे) यांमधूनच जाणार, आणि हे सगळं चाळीस वर्षांचं आहे. जोडीला 13.6 चे टायर. 12.4-28 पेक्षा त्यांचा घेर सुमारे 4 टक्क्यांनी मोठा असतो आणि पकडही जास्त. आज भरलेली ट्रॉली चिखलात अडकली की चाक फिरतं आणि झटका तिथेच विरतो. मोठ्या टायरने चाक फिरायचं थांबलं की तोच झटका हाफ ॲक्सल आणि पिनियनच्या दातांवर जातो. मग भर हंगामात, ट्रॉली रस्त्यात उभी असताना, पाठीमागचं हाउसिंग उघडावं लागतं. तो खर्च कोटेशनमध्ये कुठेच नाही.

कागदाची बाजू याहून अवघड आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. तुमची नोंदणी 1986 ची, म्हणजे पहिली 15 वर्षं 2001 ला संपली आणि तिथून दर 5 वर्षांनी नूतनीकरण. त्या हिशोबाने 2026 ला पुन्हा तपासणी आहे. तिथे इंजिन नंबर आणि चॅसिस नंबर आरसीशी ताडून बघतात. भंगारातून आलेल्या इंजिनावर कुणाचा नंबर आहे, तो मूळ ट्रॅक्टर कुठे गेला, याचा कागद मिस्त्री देणार का? नसेल तर ते इंजिन फुकट मिळालं तरी घेऊ नका. विकायच्या वेळीही जाणता गिऱ्हाईक आधी हेच दोन नंबर बघतो. जुळणाऱ्या नंबरांचा जुना मॅसी आजही मान राखून आहे. नंबर न जुळणाऱ्या मिश्र ट्रॅक्टरला भंगारवालाच भाव करतो.

ड्युअल क्लचचे 22,000 बघून मला शंका आली. सिंगल क्लचच्या गिअरबॉक्समध्ये पीटीओसाठी (रोटरसारखं अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) वेगळा पोकळ इनपुट शाफ्ट नसतो. नुसती दुहेरी प्लेट घालून पीटीओ स्वतंत्र चालत नाही, गिअरबॉक्स उतरवून शाफ्ट आणि गिअर बदलावे लागतात. 22,000 मध्ये नेमकं काय धरलंय ते विचारा. घरच्या रोटरला सिंगल क्लचने अडत नाही.

मागच्या ट्रम्पेटचंही तसंच. ऑइल ब्रेक चांगले असतात, पण त्यांना घर्षणाला चालणारं खास ट्रान्समिशन ऑइल लागतं. साधं 90 नंबर ओतलं तर ब्रेक किंचाळतात आणि प्लेटा जळतात. तुमच्या ब्रेकचा आजार बहुधा वेगळाच आहे. ॲक्सलच्या ऑइल सीलमधून तेल गळून लायनिंगवर आलं की ती बाजू धरत नाही आणि ट्रॅक्टर दुसरीकडे ओढतो. दोन्ही बाजूंचे सील, बेअरिंगची तपासणी, नवी लायनिंग आणि ड्रम लेथवर साफ करून घेणं यासाठी 14,000 धरा. सील न बदलता फक्त लायनिंग घातली तर एका हंगामात पुन्हा तेच होईल. काम झाल्यावर दोन्ही पेडल वेगवेगळे दाबून बघा, मग पट्टी लावून एकत्र. सपाट कोरड्या जागेवर हळू गतीत ट्रॅक्टर सरळ रेषेत थांबला पाहिजे.

पॉवर स्टिअरिंगवर मात्र मनापासून खर्च करा. मुलगा ट्रॅक्टर चालवतो की नाही हे त्यावरच ठरणार, आणि 24,000 ची बचतही तिथूनच येणार. 241 चा पुढचा ॲक्सल सिलिंडरसह पूर्ण घ्या. जुन्या ॲक्सलवर सिलिंडरचे कान वेल्ड करून द्यायला कुणी तयार झाला तर नको म्हणा. बिडाच्या भागावरचं वेल्डिंग कधी सुटेल सांगता येत नाही, आणि सुटलं तर चाकं हातातून जातात. दुसरी गोष्ट, पंप. मॅसीचा लिफ्टचा पंप पाठीमागच्या हाउसिंगमध्ये असतो आणि पीटीओच्या शाफ्टवर चालतो. सिंगल क्लचमध्ये पेडल दाबलं की तो थांबतो. काही जण पैसे वाचवायला स्टिअरिंगचं तेल लिफ्टच्या लाइनमधून घेतात. मग वळणावर क्लच दाबला की त्याच क्षणी स्टिअरिंग दगडासारखं होतं. पंप इंजिनाच्या टायमिंग गिअरवर चालणारा, स्वतंत्र टाकीचाच हवा. हे कोटेशनवर लिहून घ्या.

जोडीला किंगपिन, बुश आणि टाय रॉडचे एंड नवे घ्या, 8,000 धरा. पॉवर स्टिअरिंगमध्ये हाताला खेळ जाणवत नाही, पण चाकात तो असतोच, आणि पुढचे टायर आतल्या बाजूने झिजायला लागले की मग कळतो. अल्टरनेटरचे 15,000 ठीक आहेत. जोडण्याआधी बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला आहे ते बघायला सांगा. अल्टरनेटरला ऋण टोक बॉडीला लागतं, जुन्या वायरिंगमध्ये उलटं असेल तर पहिल्याच सेल्फला डायोड जातील.

एकूण 14,000 अधिक 48,000 अधिक 8,000 अधिक 15,000, म्हणजे 85,000. वर्षाला 24,000 च्या बचतीने साडेतीन वर्षांत वसूल. कोटेशनची तारीखही बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पंप, ब्रेक आणि क्लच असेंब्ली, मागचे टायर अशा बऱ्याच सुट्या भागांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आलाय. नव्या पार्टचं बिल त्याच दराने मागा.

पैशाची सोय अशी करा. बचत खात्यात 40,000 आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यातले 30,000 घाला, 10,000 हाउसिंग उघडल्यावर निघणाऱ्या कामासाठी ठेवा. उरलेल्या 55,000 चं सोनेतारण घ्या, शेतीसाठीचं. व्याज 10 टक्के धरलं तर 8 महिन्यांचे सुमारे 3,670 रुपये होतात. ऊस बिलावर फेडायचं. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात 14 दिवसांत एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) देण्याचं बंधन आहे, तरी बिल दोन महिने लांबलं तर सोनं अडकणार नाही अशी मुदत घ्या. ठेव मोडली तर बँक व्याज कापते हा भाग लहान. मोठा भाग असा की फी भरायची तारीख ठरलेली असते आणि ट्रॅक्टरमधून पैसे परत यायची तारीख ठरलेली नसते. तो पैसा मुलीचा आहे, तिथेच राहू द्या.

पुढे वाहतूकच करायची ठरली तर 3,70,000 या ट्रॅक्टरमध्ये घालण्याऐवजी ते नव्याच्या मार्जिनला वापरणं मला जास्त पटतं. नव्या ट्रॅक्टरवरचा जीएसटीही 12 वरून 5 वर आलाय. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर यांत्रिकीकरण योजनेत अर्ज करा, पण पूर्वसंमती येण्याआधी खरेदी करू नका, अनुदान जाईल.

मिस्त्रींना पैसे तीन टप्प्यांत द्या: पार्ट दारात आल्यावर, जोडणी झाल्यावर, आणि शेवटचा किमान चौथा हिस्सा दहा तास शेतात चालवून, होज आणि सील गळत नाहीत हे बघून. आणि जुना स्टिअरिंग बॉक्स, दोन्ही ड्रॅग लिंक, पुढचा ॲक्सल, डायनॅमो हे सगळं परत मागा. पार्ट मोजून घ्या, ग्रीस लावा आणि पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा. उद्या कुणी मूळ रूपातला 1035 शोधत आला तर या पोत्याचीही किंमत मिळेल.